काउंटरवरच्या माणसाच्या हातात काहीतरी राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन होऊन गेला. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस पाळतात. त्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातला नवा फ्रिज बंद पडून ११ दिवस झाले होते, आणि माझ्या मोबाइलवर कंपनीचा संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? १ ते ५ मध्ये उत्तर द्या.’ मी फ्रिज उघडून पाहिला. आतला दिवा लागत होता. खालच्या कप्प्यातली कोथिंबीर पिवळी होऊन पिशवीला चिकटली होती. थंडावा नावाला नव्हता.

मी कोल्हापूरची. शुक्रवार पेठेत १९९१ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षं, आम्ही नवरा-बायकोनं पिठाची गिरणी चालवली. शिक्षण माझं दहावीपर्यंत. पण गिऱ्हाईक कशानं टिकतं आणि कशानं तुटतं, हे मी रोज सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या जोरावर हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण छापावं ही विनंती.

आधी फ्रिजचं सांगते, कारण तेच ताजं आहे. दसऱ्याला मोठ्या दुकानातून, नावाजलेल्या कंपनीचा, ३१,५०० रुपये मोजून घेतला. १३ डिसेंबरला बंद पडला. यांना मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं. न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, त्यामुळे आमच्या घरात फ्रिज ही दूध-भाजीपुरती वस्तू नाही. फोन लावला. यंत्र बोललं, मग एक मुलगी बोलली, तक्रार क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी कंपनीचा तंत्रज्ञ आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्यानं मागची जाळी काढून पाहिली, कॉम्प्रेसर गेलाय म्हणाला, पार्ट मागवावा लागेल म्हणाला. निघताना म्हणाला, “मावशी, मोबाइलवर चार आकडी कोड आलाय, तेवढा सांगा.” मी सांगितला. दुसऱ्या दिवशी संदेश : तक्रारीचे निवारण झाले.

परत फोन केला तर कळलं, जुनी तक्रार बंद झाली, आता नवी नोंदवा. नोंदवली. सहाव्या दिवशी दुसरा मुलगा आला, त्यानंही तेच पाहिलं, तेच सांगितलं आणि कोड मागितला. या वेळी मी नाही म्हणाले. तो उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, “मावशी, कोड घेतल्याशिवाय गेलो तर ही फेरी माझ्या नावावर धरत नाहीत, तिचे पैसे मिळत नाहीत. पार्ट मी नाही आणत, तो वरून येतो. माझ्या हातात काही नाही हो.” त्याच्या पायात साध्या चपला होत्या, पाठीवर हत्यारांची जड पिशवी. मी कोड दिला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ग्राहक दिनाला, वर सांगितला तो संदेश आला. तेवढ्या ११ दिवसांत ‘किती समाधानी आहात’ असं विचारणारे चार फोन येऊन गेले होते. पार्ट कधी येणार हे सांगणारा एकही नव्हता.

‘माझ्या हातात काही नाही’ हे वाक्य मी गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की आता ते ऐकलं की पोटात गोळा येतो. मॉलमध्ये बिल करणारी मुलगी हेच म्हणते. मोबाइल नंबर दिल्याशिवाय मशीन पुढं जात नाही म्हणते. बिलासाठी गिऱ्हाइकाला नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. तिला ते माहीत नाही, आणि माहीत असलं तरी मशीन तिचं ऐकत नाही. मागं पन्नास माणसांची रांग असते. आपण नंबर देतो. मग दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत ‘तुमचे ८५ पॉइंट उद्या संपणार’ असे संदेश येत राहतात.

आमच्या गिरणीत आम्ही काय करत होतो ते सांगते. दळणाचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. धान्य ओतायचं, पीठ काढायचं. पण गिऱ्हाइकाचं लक्ष असतं ते भलतीकडंच. आपल्या गव्हाआधी दगडावर काय दळलं? बाजरी दळून लगेच गहू घातला तर कणीक काळपट येते, चपातीला वास मारतो. म्हणून आमच्याकडं सकाळी आधी गहू, मग शाळू म्हणजे ज्वारी, मग बाजरी-नाचणी, आणि डाळीचं पीठ दिवसाच्या शेवटी. उपवासाचं असेल तर पहाटे दगड झाडून, सगळ्यांच्या आधी. दगड जास्त आवळला की पीठ गरम निघतं, शाळूच्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा फुटतात. बाई दळण घेऊन जाते, संध्याकाळी परातीत हात घालते आणि तिला तिथं कळतं गिरणीवाल्यानं आज घाई केली होती. ती येऊन भांडत नाही. पुढच्या आठवड्यात तिचा डबा दुसऱ्या गिरणीत असतो. गिऱ्हाईक तुटतं ते असं, आवाज न करता.

यांचा एक नेम होता. डबा आला की गिऱ्हाइकासमोर वजन करायचं आणि जाताना परत समोर वजन करायचं. चिठ्ठी डब्याच्या आत एक, बाहेर एक. दळताना जी थोडी घट येते तीही आधीच सांगायची. आमच्या गंगावेशीतला दूध कट्टा कोल्हापूरकरांना सांगायला नको. गवळी म्हैस घेऊन येतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतो. पेल्यात फेस असतो, दूध कोमट असतं. पाण्याची शंका घ्यायला जागाच ठेवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथं जातात. घासाघीस न करता पैसे देतात. आम्ही गिरणीचा तराजू दारातच ठेवला तो कट्ट्यावरचं पाहूनच.

आता मला मनापासून सांगायची आहे ती गोष्ट. १९९८ ची आषाढी. पेठेतल्याच एका घरची उपवासाची भाजणी आली होती, वरी, साबुदाणा आणि राजगिरा. मी बाजारात गेले होते. गिरणीत कामाला असलेल्या मुलानं शाळूचं दळण संपल्यावर दगड न झाडता ती भाजणी घातली. मी आले तेव्हा डबा भरून, झाकण लावून, चिठ्ठीसकट फळीवर ठेवलेला. मुलाचं तोंड पांढरं पडलं होतं. तो स्वतःहून म्हणाला, “काकी, चुकलं.” न सांगता डबा दिला असता तर बहुधा कुणाला कळलंही नसतं. पण त्या घरात ८० वर्षांच्या आजी निर्जळी करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिठाचं थालीपीठ देवापुढं ठेवून खायच्या. मी लक्ष्मीपुरीत जाऊन नवी वरी, साबुदाणा, राजगिरा आणला, घरी भाजला, दगड दोनदा झाडून दळला आणि दोन्ही डबे घेऊन त्यांच्या दारात गेले. काय झालं ते सांगितलं. पैसे घेतले नाहीत. आजींनी जुन्या डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर पीठ बोटांवर घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “मला कळलं नसतं गं.” ते घर गिरणी बंद होईपर्यंत, म्हणजे पुढं २४ वर्षं, आमच्याकडं राहिलं. आजी गेल्या, सून आली, नातसून आली. दळणाचे दर मधे चार वेळा वाढवले, कुणी विचारलं नाही.

त्या आषाढीनंतर आम्ही मुलाला सांगून टाकलं : पाच किलोपर्यंतचं दळण बिघडलं तर आम्हाला विचारायचं नाही. आतल्या कोठीत गहू आणि शाळू ठेवलेला आहे. तू तुझ्या हातानं भरून दे, माफी माग आणि वहीत लिहून ठेव. यांना आधी पटलं नव्हतं. पोरगं मैतरांना वाटत सुटेल म्हणाले. मी वर्षभर वही सांभाळली. सगळं मिळून ३० किलोसुद्धा गेलं नव्हतं. आणि तो मुलगा बदलला. आधी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तो मागच्या दारानं पळायचा. आता पुढं येऊन डबा हातात घ्यायचा, पीठ तळहातावर चोळून बघायचा. त्याला माहीत होतं की आपण हे निस्तरू शकतो.

माझी भाची पुण्यात व्यवस्थापन शिकली. हे सगळं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, यावर संशोधन झालंय.” पारसुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघा प्राध्यापकांनी अमेरिकेत १९८० च्या दशकात बँका, दुरुस्ती सेवा, विमा अशा ठिकाणच्या गिऱ्हाइकांना विचारून चांगल्या सेवेच्या पाच बाजू काढल्या. बोलल्याप्रमाणे करणं, तत्परता, विश्वास वाटेल असं ज्ञान आणि वागणं, आपुलकी, आणि शेवटी दिसणारं सगळं, म्हणजे इमारत, सामान, कपडे. मग लोकांना सांगितलं, या पाचांत १०० गुण वाटा. बोलल्याप्रमाणे करण्याला सरासरी ३२ गुण मिळाले. दिसण्याला ११. मी भाचीला म्हटलं, मॉलवाले हे उलटं वाचतात वाटतं. ३१ वर्षांत आमच्या गिरणीच्या भिंतीला रंग तीनदा लागला असेल. पण ‘पाचला या’ म्हटलं तर पाचला डबा तयार असायचा. भारनियमनाच्या वर्षांत दिवसा वीज नसायची, तेव्हा हे रात्री एकला उठून दळत, पण सकाळचा शब्द मोडला नाही.

तिनंच आणखी एक सांगितलं. रिट्झ-कार्लटन नावाची मोठी हॉटेलं आहेत. तिथल्या साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला वरच्याला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते. ऐकून मला आमच्या कोठीतला शाळू आठवला. रक्कम सोडा, विचार तोच. ज्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं आहे त्याच्याच हातात निस्तरायचं साधन हवं. फ्रिज बघायला आलेल्या त्या दोन्ही मुलांना काम येत होतं, बोलणं चांगलं होतं. त्यांच्या खिशात एवढा अधिकार असता की ‘हा फ्रिज दुरुस्त होईपर्यंत या घरात दुसरा ठेवा’, तर मी त्या कंपनीचं नाव गल्लीभर सांगितलं असतं. त्यांना अधिकार होता फक्त तक्रार बंद करायचा. कामाचा हिशेब जर बंद झालेल्या तक्रारींवर होत असेल तर तक्रारी बंद होणारच, फ्रिज थंड होवो न होवो. यात मी त्या मुलांना दोष देणार नाही. हा हिशेब वर बसून ज्यांनी आखला त्यांना देते.

त्या दिवसांत इन्सुलिनचं काय केलं? आमच्या कोपऱ्यावर औषधाचं छोटं दुकान आहे. यांच्या गोळ्या वर्षानुवर्षं तिथूनच आणतो. अलीकडं मोबाइलवरून मागवलं तर २० टक्के सूट मिळते म्हणून मुलगा मागं लागला होता, मीही विचारात होते. फ्रिज बंद पडला त्या संध्याकाळी बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून दुकानात गेले आणि विचारलं, ठेवता का? काउंटरवर मालक नव्हते, त्यांचा पुतण्या होता. त्यानं कुणाला फोन केला नाही. दुकानाच्या फ्रिजमधला एक कप्पा रिकामा केला, बाटल्यांवर यांचं नाव लिहून चिकटवलं आणि म्हणाला, “काकी, लागेल तेव्हा एकेक न्या. रविवारी आम्ही बंद असतो, त्याच्या आदल्या दिवशी आठवणीनं या.” २३ दिवस त्यानं ते सांभाळलं. पहिल्या रविवारची आठवण मलाच राहिली नाही, तेव्हा शनिवारी रात्री साडेनऊला दुकान बंद करून तो घरी बाटली देऊन गेला. पैसे विचारले तर हसला. मोबाइलवरची ती सूट मला आता नको. वर्षाचे तीन-चार हजार जास्त जातील, जाऊ देत.

लोक म्हणतात, हल्ली गिऱ्हाईक एका ठिकाणी टिकत नाही, ५ रुपयांसाठी दुकान बदलतं. मला ते पटत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४३ फूट. आमच्या गल्लीत पाणी चढायला लागलं तेव्हा फळीवर लोकांचे ३७ डबे होते. आम्ही दोघांनी आणि त्या मुलानं आधी ते सगळे वरच्या मजल्यावर नेले. मोटर काढायला वेळ उरला नाही, ती पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर ३७ च्या ३७ डबे ज्याचे त्याला दिले. मोटर वाइंडिंगला टाकून, दगडांना नव्यानं टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून, गिरणी सुरू व्हायला महिना गेला. तोवर लोक दुसरीकडं दळून आणत होते, आणावंच लागणार. पण त्यातल्या बहुतेक बाया गिरणीतला चिखल काढायला खराटे घेऊन आल्या होत्या, आणि पट्टा फिरल्याचा आवाज गल्लीत गेला त्या दिवशी दुपारपर्यंत फळी परत भरली. पलीकडच्या गिरणीचा दर आमच्यापेक्षा किलोला एक रुपया कमी होता.

फ्रिजचा शेवट सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. २६ डिसेंबरला मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता येतं. बिल, दोन्ही तक्रार क्रमांक, तारखा सगळं सांगितलं. त्यांनी नोंद करून ती तक्रार कंपनीकडं पाठवली. आठवड्यात कंपनीच्या वरच्या माणसाचा फोन आला आणि ५ जानेवारीला कॉम्प्रेसर बदलून मिळाला. तसं झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी ठेवली होती. २०१९ च्या नव्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याच कायद्यात आणखी एक आहे, ते महाद्वार रोडवरच्या आणि राजारामपुरीतल्या दुकानदारांनीही वाचावं. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अजून कितीतरी दुकानांत पैशांच्या गल्ल्यावर टांगलेली आहे. गल्ल्यावर बसलेला मुलगा त्या पाटीकडं बोट दाखवतो, कारण त्यालाही दुसरं काही करायची मुभा नसते.

दुकानदारांना आणि कंपन्यांना माझी विनंती आहे. काउंटरवर, फोनवर, गिऱ्हाइकाच्या दारात तुम्ही ज्याला उभं करता त्याच्या हातात थोडातरी निर्णय द्या. किती, ते तुम्ही ठरवा. ५०० रुपयांचा द्या, एका साडीचा द्या, आठ दिवसांपुरत्या बदली वस्तूचा द्या. त्याच्याकडून वही लिहून घ्या, वर्षानं उघडून बघा किती गेलं. आणि तक्रार बंद करायचा कोड वस्तू सुरू झाल्यावरच मागा.

काल परत कंपनीचा संदेश आला, कॉम्प्रेसर बसवणाऱ्या मुलाला किती तारे देता म्हणून. पाच दिले. त्यानं तीन तास बसून काम नीट केलं, फरशी पुसून दिली, आणि तारे कमी पडले तर त्याचेच पैसे कापले जातील हे मला ठाऊक होतं. कंपनीला काय सांगायचं ते लिहायला त्या संदेशात जागा नव्हती, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवते आहे.

आपली नियमित वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर